साखरेचं विरजण

अंबरपेठच्या एकनाथरावांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला विज्ञानाचा मास्तर काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. चहावर वाफ दिसली की ते सुरू! शाळेत तर ते अख्खा वर्ग मैदानात काढत. हातात हात घट्ट धरून रांगेत उभे राहा, झाला स्थायू. हात सैल सोडा, एकमेकांना खेटत फिरा, झाला द्रव. आणि शिट्टी वाजली की वाट फुटेल तिकडे पळा, तो वायू! शेजारच्या वर्गांचे मास्तर कपाळाला हात लावत, पण पोरं मात्र कणांचा धडा जन्मात विसरली नाहीत.

आणि ह्याच माणसाने गाठीच्या पाकात लिंबू पिळलं.

त्याचं असं झालं. पाडव्याच्या साखरगाठ्या भामाबाई, म्हणजे एकनाथरावांच्या पत्नी, दरवर्षी घरीच करत. भिजवलेल्या लाकडी साच्यात दोरा घालायचा, वरून पाक ओतायचा, की पांढऱ्याशुभ्र पदकांची माळ तयार. एक गाठी गुढीला, एक घरातल्या लेकराच्या गळ्यात. यंदा घरात खरोखरच लेकरू होतं. मुलाची, मंदारची, मुलगी मुक्ता नुकती रांगायला लागली होती आणि तिचा हा पहिला पाडवा. नेमक्या त्याच वेळी भामाबाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

सून श्रुती पुण्याची, मनाने सरळ. "आई, चिक्कडपल्लीच्या बाजारात छान मिळतात गाठ्या. मी ऑफिसमधून येताना आणते ना," ती म्हणाली.

भामाबाई तिच्यापुढे हसल्या, पण नवऱ्याजवळ त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हातची गाठी पोरीच्या गळ्यात पडावी, येवढंच मनात होतं बघा. आता काय, बाजारातली."

एकनाथराव बाह्या सरसावत म्हणाले, "बाजारातली कशाला? मी करतो."

"तुम्ही?"

"हौ, मी! साखर, पाणी आणि उष्णता. जन्मभर दुसरं काय शिकवलं मी?"

पाडव्याच्या आदल्या सकाळी भामाबाई हात दाखवायला मंदारबरोबर दवाखान्यात गेल्या. त्या येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पाक उकळायला लागला, वर मळी आली. मळी काढायला भामाबाई दूध घालतात हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना आठवला शेजारच्या रझिया आपांचा डबल का मीठा, तळलेल्या पावाचा पाकातला गोड पदार्थ. आपा पाकात लिंबू पिळतात आणि पाक कसा काचेसारखा नितळ राहतो! त्यांनी अख्खं लिंबू पिळलं, पाक साच्यात ओतला आणि वाट पाहत बसले. साचा उघडला तर दोऱ्याबरोबर चिकट तार लोंबत बाहेर आली. पंख्याखाली ठेवून पाहिलं, फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं. गाठी काही होईना.

दवाखान्यातून परतलेल्या भामाबाई ओट्यावरची लिंबाची सालं पाहून दारातूनच ओरडल्या, "लिंबू घातलं का काय? अवं, आपा लिंबू घालतात ते पाक जमू नये म्हणून! आपल्याला तर जमायला पाहिजे की."

एकनाथराव क्षणभर खजील झाले. मग त्यांचे डोळे चमकले. "भामे, रांगच लागू दिली नाही गं लिंबाने! आंबटाने साखरेचे काही कण फुटले, ते तुकडे मधे घुसले. आता बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरायचे कसे?"

"तुमची रांग राहू द्या. उद्या पाडवा हाय."

दुसरा पाक चढला. ह्या वेळी भामाबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. दूध पडलं, मळी निघाली, पाणी उकळून उडत गेलं, पाक दाट झाला. भामाबाईंनी गॅस बंद करायला लावला आणि पातेल्याला हात लावता येईल इतका पाक निवू दिला. मग त्या म्हणाल्या, "त्या निळ्या डब्यात मागल्या वर्षीची गाठी हाय. तिची पूड करून घाला. विरजण समजा. सासूबाईंपासून दरवर्षी एक गाठी पुढच्या पाकासाठी मागं ठेवतोच आपण."

एकनाथरावांनी पूड टाकली आणि घोटायला घेतलं. किती घोटलं तरी काही घडेना. घामाने सदरा भिजला. नातीचा पाडवा हातचा जातो की काय, ह्या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला. आणि मग एकाएकी पाक ढगाळला, पांढरा झाला, आणि पातेल्याच्या कडेला धरलेला त्यांचा हात भाजला.

"भामे! पातेलं तापलं! गॅस बंद, आणि पातेलं तापलं!"

श्रुती मुक्ताला कडेवर घेऊन धावत आली. एकनाथरावांनी भामाबाईंचा डावा हात ओढून पातेल्याला लावला.

"अग्गो! हौ की!"

"कणांचे हात सोडवायला आच द्यावी लागते ना, तीच आच त्यांनी पुन्हा हात धरताना परत मिळते! इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं गं मी, हाताला आज लागलं!"

"नाचू नका, ओता आधी! पातेल्यातच घट्ट होईल!"

ओतलं. साचे उघडले तेव्हा एकेक पदक टणक, पांढरं, टकटक वाजणारं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली आणि मुक्ताच्या गळ्यात गाठी पडली. तिने ती लगेच तोंडात घातली. भामाबाई बघत राहिल्या. "ग्वाड झाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातची."

"माझ्या कुठली? मी नुसता घोटत होतो. साखरेला रांग लावायला कुणीतरी आधी उभं असावं लागतं. तुझ्या गाठीचे कण उभे होते, बाकीची साखर त्यांना येऊन धरत गेली. ही तुझ्याच हातची आहे."

भामाबाईंनी पदराने डोळे टिपले. मग त्यांना काहीतरी सुचलं. "म्हणजे माझ्या गाठीत तुमच्या आईची व्हती की. मग पोरीच्या गळ्यात तुमची आई बी हाय."

एकनाथरावांची आई गेली तेव्हा मंदारसुद्धा जन्मला नव्हता. ते उठले, उरलेल्यांतली एक चांगली गाठी निवडली आणि पुढच्या पाडव्यासाठी निळ्या डब्यात ठेवून आले.