गोळी खाऊन आलात का?

रुग्णाचं नाव विचारायच्या आधी बिराजदार मॅडम विचारायच्या, "गोळी खाऊन आलात का?" सोलापुरात त्या सांध्यांची सोनोग्राफी करायच्या. बोलताना जेलची बाटली दोन्ही तळहातांत धरून ठेवायच्या. दुखऱ्या बोटावर गार जेल लावणं त्यांना असभ्यपणाचं वाटे.

हॉस्पिटलात नवं मशीन आलं तेव्हा फीत कापायला एक पुढारी आले होते. फोटोसाठी त्यांनी हात पुढे केला. मॅडमनी तो खरोखरच तपासला आणि गंभीरपणे सांगितलं, "सांधे उत्तम हायेत. वापर कमी दिसतो." पुढारी खूश झाले. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, निदान आलं नाही.

माझी बायको नलिनी कुंभारीत कडक भाकरी करून विकते. सहा महिने सकाळी तिची मूठ वळत नव्हती. एक्स-रे स्वच्छ, रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ. एका डॉक्टरांनी कारण सांगितलं, वय. मी म्हणालो, कंटाळा.

मॅडमकडे जायच्या सकाळी नलिनीने दुखण्याची गोळी घेतली. डॉक्टर हात दाबणार, तिथे ओरडून शोभा नको. आमच्याकडे दवाखान्यात जाताना साडी ठेवणीतली नेसतात, तसा हातही ठेवणीतलाच नेतात.

मॅडमनी मशीन सुरूच केलं नाही. "बोटं सांगायला आलेली असतात, तुम्ही त्यांचं तोंड बांधून आणता. चार दिवस ही गोळी नको, मग या."

मी वाया गेलेल्या रजेबद्दल कुरकुरलो. तेव्हा त्यांनी एका विडी वळणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. तीही गोळी घेऊन आली होती. गोळीनं सूज दबली होती, पडद्यावर दिसली नाही, मॅडमनी तसं लिहून दिलं. घरच्यांनी तो कागद नाचवून तिला नाटकी ठरवलं. दोन वर्षांनी ती परत आली, तेव्हा बोटं वाकलेली होती.

"सही माझी होती की त्याच्यावर," मॅडम म्हणाल्या. "म्हणून विचारते."

चार दिवसांनी गेलो. पडद्यावर सांध्याच्या अस्तरात सुजेचे लाल ठिपके पेटलेले दिसले, आणि हाडाच्या कडेला बारीकशी खाच.

"उंदरानं भाकरीचा काठ कुरतडलाय बघा," त्या नलिनीला म्हणाल्या. "भाकरी शाबूत हाय अजून. आजच औषध चालू करायचं."

नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच पाहत राहिलो.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. शोकसभेत वक्त्यांनी त्यांना देवदूत म्हटलं. त्यांना ते रुचलं नसतं. देवदूतांना रिपोर्टवर सही करावी लागत नाही.

नलिनी अजून भाकरी थापते. खाच होती तेवढीच आहे. परवा तपासणीला गेलो, तर बाकावर एक नवी बाई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. नलिनी तिच्याजवळ सरकली. नाव-गाव काही न विचारता म्हणाली, "गोळी खाऊन आलीस व्हय गं?"

बाईने ओशाळून मान हलवली.

"मग आत गेल्या गेल्या पहिलं तेवढं सांग."