दारावरचं ‘पलाझ्झो’

माझा धाकटा भाऊ आंझोलो पाथरवट. पण व्हेनिसमध्ये आता दगड कोरून घेतो कोण? त्या हिवाळ्यात हाताला काम नव्हतं आणि जागेचा मालक त्याचं वर्कशॉप एका मुखवटेवाल्याला द्यायला टपला होता. तेवढ्यात मिलानच्या एका शेठनं कालव्यावरचं ‘का मोरेल’ नावाचं जुनं घर विकत घेतलं. त्याला दारावर दगडात नवं नाव हवं होतं, ‘पलाझ्झो मोरेल’.

आंझोलोनं घरी सांगितलं तेव्हा आई चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. तिचा हात तिथंच थांबला.

“पलाझ्झो? त्या मेल्याला सांग, या गावात पलाझ्झो एकच. राज्य करणाऱ्या दोजेचा! बाकीच्यांनी, कितीही पैसा असो, ‘का’ म्हणायचं. का म्हणजे घर.”

“अगं आई, रोममध्ये पालातिनो नावाची टेकडी आहे. तिच्यावर सम्राट राहायला गेले आणि टेकडीचं नाव त्यांच्या वाड्याला चिकटलं, त्याचंच पुढे पलाझ्झो झालं. आता तर भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीलाही लोक पलाझ्झो म्हणतात. आणि तुझे दोजे जाऊन दोनशे वर्षं झाली!”

“रोमचं रोममध्ये ठेव. तुझ्या बापानं असलं कोरलं असतं का?”

मी त्याच्याच बाजूची. पोट भरायचं की दोजेची अब्रू सांभाळत बसायचं? त्यानं कोरलं. दगड बसवताना होडीवाले खालून ओरडले, “काय रे आंझोलो, दोजे जेवायला कधी येणार?” तो हसला. वर्कशॉप वाचलं.

आईनं मात्र त्याच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. असा संताप यायचा मला! पुढे ती अंथरुणाला खिळली. एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली, “माझ्या थडग्यावरचं नाव त्याच्याकडून नको. दुसऱ्या कुणाकडून कोरून घे.” त्याच आठवड्यात गेली.

तिला सान मिकेले बेटावर पुरून आम्ही होडीनं परत निघालो. आंझोलो खाली मान घालून बसला होता.

“ताई, आई दगडाचं काही बोलली का गं?”

काय सांगणार? गेलेलीचा हट्ट सांभाळू की समोर बसलेला भाऊ?

“बोलली ना. तूच कोरायचं म्हणाली.”

तो ढसाढसा रडला. मग बाहीनं डोळे पुसत म्हणाला, “अक्षरं जरा मोठी काढतो. तिला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.”