वाक्यात उपयोग

शलाका नर्स आहे. परदेशी जायचंय म्हणून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. आज तिने विचारलं, "मॅडम, पर्मनंट, फॉरएव्हर, फॉर गुड, सगळं कायमचंच ना?"

"पर्मनंट नोकरी असते, पत्ता असतो. फॉरएव्हर प्रेमपत्रात शोभतं. माणूस गेला आणि परत यायचाच नाही, तर फॉर गुड."

"वाक्यात उपयोग करून दाखवा ना."

मी तिच्या वहीत इंग्रजीत लिहिलं, माझा नवरा घर सोडून गेला, फॉर गुड. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. तिला ते नुसतं उदाहरण वाटलं. मीही ते तसंच वाचलं. आत काहीच हललं नाही.

चार महिन्यांपूर्वी दारातून निघताना तो "येतो" म्हणाला होता. आपल्याकडे "जातो" कुणी म्हणतच नाही.