तळणमास्तराच्या घरात वाफ

“अगं, दवाखान्यातलं भांडं वाटतंय हे! ओट्यावर कशाला मांडलंस?”

“स्वयंपाकाला मांडलंय. तुमच्या कढईला शेजारीण आली म्हणून एवढा घाम फुटायला नको.”

“मी जिवंत आहे तोवर या घरात वाफेवर काही शिजणार नाही.”

“मग घटकाभर बाहेर जाऊन बसा. वीस मिनिटांत शिजतं.”

असं म्हणून क्रेनवालीने विजेच्या स्टीमरचा प्लग भिंतीत खुपसला, टाकीत पाणी ओतलं आणि टायमरचं बटण पिरगाळलं. नवरा खरंच बाहेर जाऊन बसला. पाठ मात्र अशी ताठ की आतून कुणीतरी समजूत काढायला यावं. कुणी आलं नाही.

दोघं एकाच कारखान्यात. ही पत्र्याच्या गुंडाळ्या ठेवतात त्या शेडमध्ये बावीस वर्षं छताखालची क्रेन चालवायची. बासष्ट पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून केबिनमध्ये बसली की बारा टनांची गुंडाळी तिच्या दोन बोटांवर झुलायची. तो त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये कढईपुढे उभा. बटाट्याचा काप तळून झाला की नाही, हे डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचा. सगळे त्याला तळणमास्तर म्हणत, आणि तीही रागात असली की तेच म्हणायची.

दोष कुणाचा म्हणावा? त्याने बावीस वर्षं प्रेमाने तळून घातलं, तिने बावीस वर्षं बसल्या जागी खाल्लं. रक्तदाब चढत गेला. कारखान्याच्या डॉक्टरने गोळी सुरू केली आणि म्हणाला, “एकट्या गोळीने भागायचं नाही. तेल-मीठ आवरा, वजन उतरवा. तीन महिन्यांनी आकडा खाली दिसला नाही, तर क्रेन बंद.”

फोरमन तर त्याच दिवशी घाई करून मोकळा. स्टोअरच्या खिडकीशी एक खुर्ची मांडून म्हणाला, “बाई, इथे बसून हातमोजे वाटायचे. आराम आहे.” तिने खुर्चीकडे पाहिलं, फोरमनकडे पाहिलं आणि सरळ शिडीकडे वळली. संध्याकाळी स्टीमर घेऊनच घरी आली.

सुरुवातीचे दिवस मात्र तिच्या मशीनने तिला चांगलंच नाचवलं. दुधीचा लगदा व्हायचा आणि गाजर दाताखाली दगडासारखं. झालं का बघायला ती दर दोन मिनिटांनी झाकण उचलायची, वाफ भसकन निघून जायची, की पुन्हा सगळं अर्धकच्चं. तरी जे शिजेल ते ती मुकाट गिळायची. तोंड वाकडं केलं असतं, तर तळणमास्तर जिंकला असता.

तोच डबा ती कँटीनमध्येही नेई, आणि बसायची थेट नवऱ्याच्या कढईसमोर. एके दिवशी, खालून हाताने इशारे देऊन क्रेनला वाट दाखवणारा बोक्या डब्यात डोकावला.

“ताई, मास्तरांशी अबोला आहे का? हे काय, न्हाऊन आलेलं गाजर?”

“बोक्या, तुझं पोट आवर आधी. वरून मला तुझे हात दिसत नाहीत, नुसतं पोट दिसतं.”

टेबलं हसली. पण मागून कुणीतरी ओरडलंच, “मास्तर, घरचंच माणूस तुमच्या हातचं खाईना, आम्ही कसं खायचं?” तळणमास्तर झारा हातात धरून उभा राहिला. कान लालबुंद. तिने पाहिलं, तिला ते लागलंही. तरी तिने डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला, झाकण लावलं आणि मगच उठली.

दुसऱ्या दिवशी घरी आली तर दारातच करपट वास. स्टीमर बंद पडलेला, लाल दिवा लागलेला आणि नवरा स्टुलावर मान खाली घालून.

“काय केलंत?”

“टाकीत लसणाची फोडणी ओतली. म्हटलं, वाफ वर जाताना चवही घेऊन जाईल.”

“बावीस वर्षं कढईपुढे काढलीत! तेल वाफ होऊन वर जातं?”

“धूर होऊन जातं.”

“तेच केलंत.”

तो मान वर न करता म्हणाला, “तू खाताना तुझं तोंड बघवत नव्हतं.”

“मी तोंड वाकडं केलं नव्हतं.”

“नव्हतं केलंस, तेच बघवत नव्हतं.”

ती काही विरघळली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “उद्या तुमचा झारा काढून घेतला आणि खरकटी ताटं मोजायला बसवलं तर बसाल? मी बसणार नाही. तुम्ही मदत करा नाहीतर बाजूला व्हा.”

तळणमास्तर उठला. प्लग काढला. व्हिनेगर आणि गरम पाणी घेऊन टाकी दोनदा घासली, जुन्या टूथब्रशने खाचा साफ केल्या. मग नेहमीच्या सवयीने यंत्राला कान लावून बसला.

“हे बोलतच नाही गं.”

“घड्याळ बघा की.”

घड्याळ तो कसला बघतोय! चार दिवस सगळं नुसतं ऐकत बसला. पाणी खदखदायला लागल्यावर झाकण कधी थरथरतं, आतलं पाणी कधी ठिबकतं, हे टिपलं. सुरी मात्र त्याची होतीच, काप सगळे एका जाडीचे. वेळ लागणारं गाजर खाली, दुधी वर. मासा असला तर तो सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी भाजीवर गळत नाही. मीठ चिमूटभर, पण लिंबू, मिरपूड आणि ठेचलेला लसूण शेवटी वरून. आणि तिने झाकणाला हात लावला की खेकसायचा, “हात काढ! शिजतंय!” कँटीनमध्ये तळणं चालूच होतं. कुणी टोमणा मारला की म्हणायचा, “घरचा डबाही मीच करतो. जळा.”

तीन महिने भरले. डॉक्टरने तिच्या दंडाला पट्टा दोनदा बांधला. बाहेर फोरमन स्टोअरची किल्ली बोटावर फिरवत उभा.

“उतरलाय,” डॉक्टर म्हणाला. “हवा तितका नाही, पण क्रेन चालवण्याइतका आहे. गोळी सोडू नका. तीन महिन्यांनी पुन्हा या.”

“येईन की. दर तीन महिन्यांनी येईन.”

फोरमन म्हणाला, “मग खुर्ची तशीच ठेवतो, बाई.”

“ठेवा. फक्त रोज पुसत चला, धूळ बसेल.”

शेडमध्ये गुंडाळ्यांनी भरलेला ट्रक खोळंबला होता. तिने डबा खांद्याला अडकवला, हातमोजे चढवले आणि शिडी धरली. चाळिसाव्या पायरीवर थांबून दम खाल्ला. खालून फोरमन बघतोय हे ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच वेळ, आरामात थांबली. मग वर जाऊन केबिनचं दार लावलं, भोंगा वाजवला. खाली बोक्याने हात उंच केला. तिने हूक खाली सोडला.