अर्थशास्त्राच्या पेपरला गैरहजर

धुळ्याच्या आमच्या शिक्षण संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी खोली आधी तयार झाली आणि तो चालवणारं माणूस नंतर शोधलं गेलं. ते माणूस म्हणजे मी. वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते. त्यांच्या आग्रहाखातर जळगावला सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर मला नोकरी मिळाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. खोलीला काळपट काच, आत एसी, दाराशी चपला काढायच्या. प्राध्यापकसुद्धा आत येताना हळू बोलत.

संस्थेची चार कॉलेजं होती. पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजंच घेत आणि निकालही तीच लावत. आजवर हा निकाल नाना लिहीत आले होते. नाना म्हणजे परीक्षा विभागाचे जुने कारकून, सगळे त्यांना नानाच म्हणत. एकजण बैठक क्रमांक आणि गुण मोठ्याने वाचायचा, नाना रजिस्टरात लिहायचे. मग लिहिलेलं नाना वाचायचे आणि दुसरा ताडून बघायचा. निकालाला दीड-दोन महिने लागत. मी तो दहा दिवसांत लावणार होते. नानांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं गेलं. जाताना त्यांनी मला एकच विचारलं, "बेटा, तुला वाचून कोण दाखवणार?"

मी म्हटलं, "नाना, त्याची गरज नसते आता."

परीक्षकाकडून गुणांची यादी यायची, मी ती मशीनमध्ये भरायची. बैठक क्रमांक पुन्हा पुन्हा टाकावा लागू नये म्हणून प्रोग्राममध्ये सोय होती. पहिला क्रमांक टाकला की पुढचे आपोआप येत, आपण फक्त गुण टाकत जायचं. शेवटी किती हजर, किती गैरहजर याची बेरीज पडद्यावर येई. ती यादीखालच्या बेरजेशी जुळली की ते पान संपलं. सगळी पानं जुळली. निकाल दहाव्या दिवशी लागला. प्राचार्यांनी पेढे वाटले आणि कार्यालयाबाहेरच्या फलकावर लांबच लांब छापील कागद चिकटवला गेला, दोन्ही बाजूंना भोकं असलेला. मुलं नुसता तो कागद बघायलाही येत होती.

चार दिवसांनी एक शेतकरी आला. डोक्याला टोपी, पायांत धुळीने पांढरे झालेले जोडे. साक्रीच्या बाजूच्या एका खेड्यातला. त्याची मुलगी आमच्याकडे पहिल्या वर्षाला होती. फलकावर तिच्या नावापुढे अर्थशास्त्रात गैरहजर आणि शेवटी नापास असं होतं. त्याच गावच्या दुसऱ्या मुलांनी ते वाचून गावभर केलं होतं.

कार्यालय अधीक्षकांनी त्याला फेरपरीक्षेचा अर्ज दिला. त्याने तो घेतला नाही.

"मार्क जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "पोर त्या दिवशी पेपरले व्हती का नही, इतलंच सांगा."

अधीक्षकांनी काचेकडे, म्हणजे माझ्याकडे हात केला. "कॉम्प्युटरचा निकाल आहे बाबा. त्यात आमचा कोणाचा हात नाही. नव्हती म्हणतोय तर नव्हती."

"मी सोता तिले सकायनी यष्टीमा बसाडं," तो माणूस म्हणाला. "मंग ती गयी कोठे?"

त्याचा आवाज चढला नव्हता. उलट हे विचारताना तो इतका हळू बोलला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लिहिणं थांबवलं. मी आत होते, दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं, बाहेर जाऊन काहीतरी बोलावं. पण काय बोलणार? मशीनमध्ये गैरहजर होतं. मी उठून पुन्हा बघितलं. गैरहजरच होतं. बेरीजही बरोबर होती. मी दार लावून घेतलं.

तो गेल्यावर नाना आले. चपला न काढता आत आले, हे मला आठवतं, कारण मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

"त्या पोरीचा पेपर बघितलास?"

"नाना, यादी जुळली आहे."

"यादी नाही विचारत. पेपर."

गठ्ठे गोदामात सीलबंद होते. निकाल जाहीर झाल्यावर ते फोडायला प्राचार्यांची परवानगी लागे आणि अधीक्षक अर्ज पुढे पाठवायला तयार नव्हते. "पहिल्याच वर्षी कॉम्प्युटरवर शंका घेतली तर लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. नानांनी अर्ज स्वतः लिहिला, स्वतः आवक केला आणि स्वतःच प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत मी एकदाही परीक्षकाची मूळ यादी उघडली नाही. ती माझ्याच कपाटात होती. का उघडली नाही, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

गठ्ठा फुटला. तिची उत्तरपत्रिका निघाली, पहिल्या पानावर पर्यवेक्षकाची सही, आतल्या पुरवण्या दोऱ्याने बांधलेल्या. चोपन्न गुण. नानांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता यादी काढ."

यादी काढली. वरून काही नावांनंतर एका मुलाच्या पुढे परीक्षकाने बारीक "अ" काढला होता. गैरहजर. भरताना माझी नजर त्याच्यावरून सरकली असणार. त्याच्या जागी मी खालच्याचे गुण टाकले, खालच्याच्या जागी त्याच्याही खालच्याचे, आणि असं पान संपेपर्यंत. शेवटच्या क्रमांकाला गुण उरले नाहीत. एक गैरहजर दाखवायचाच होता, तो मी तिथे दाखवला. बेरीज जुळली. शेवटचा क्रमांक तिचा होता.

नाना यादीवर बोट ठेवून एकेक क्रमांक खाली उतरत होते. "म्हणजे हा पेपरला आलाच नाही आणि पास आहे," ते म्हणाले. "आणि याचे त्याला, त्याचे हिला." मधल्या सव्वीस जणांना दुसऱ्याचे गुण मिळाले होते. काही नापास झालेले खरे पास होते, काही पास झालेले खरे नापास.

मी संस्थेच्या कार्यवाहांकडे गेले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. नोकरी जाईल असं धरूनच गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तक्रार कोणाची आहे?"

"एकीची. पण सर, बाकीचे सव्वीस..."

"त्यांनी अर्ज केले आहेत?"

"त्यांना माहीतच नाही."

"मग?" ते म्हणाले. "त्यांचे पुढच्या वर्गाचे प्रवेश झालेत. आता सगळ्यांचं उकरून काढायचं, पास झालेल्यांना घरी बसवायचं? त्या मुलीचं दुरुस्त करा. पत्रात तांत्रिक कारण लिहा. आणि तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका, शिकताना होतं असं."

मी त्यांना आणखी काही म्हणाले नाही. आज वाटतं, म्हणायला हवं होतं. तेव्हा खोलीबाहेर आल्यावर मला पहिल्यांदा जे जाणवलं ते हे, की माझी नोकरी वाचली आहे.

पत्र टपालाने पाठवायचं होतं. नाना म्हणाले, आपण नेऊन देऊ. दुपारच्या एसटीने आम्ही त्या गावी गेलो. घर बाजूला, शेताच्या कडेला होतं. ओट्यावर तोच माणूस बसला होता. नानांनी त्याला पत्र वाचून दाखवलं, सावकाश, रजिस्टर वाचत तसं. आपली कन्या दिनांक अमुक रोजी अर्थशास्त्राच्या परीक्षेस हजर होती. त्याने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. नानांनी वाचलं.

मग त्याने घरात हाक मारली आणि मुलगी बाहेर आली. अंगाने बारीक, डोळे खाली. डाव्या कानाशी जुनी होत आलेली एक निळसर खूण होती. मी ती पाहिली आणि तिने मला पाहताना पाहिलं, पदर तिथवर ओढून घेतला.

"भाऊ," मी त्या माणसाला म्हटलं, "ही चूक माझी आहे. गुण मी भरले होते."

त्याने मान हलवली. "नही ताई. मशीननी चूक शे. तुमनी काय नही."

मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तेच म्हटलं, जणू मी काहीतरी चांगुलपणाने अंगावर घेते आहे. मग त्याने मुलीला चहा ठेवायला आत पाठवलं.

मुलीचं लग्न ठरलं होतं. आठवड्यापूर्वी सुपारी फुटली होती, नंदुरबारकडचं स्थळ होतं. नाना म्हणाले, "मुलगी पास आहे, दुसऱ्या वर्षाला घाला, तिकडच्यांशी मी बोलतो." तिच्या बापाने पत्राची घडी घातली. आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

आम्ही निघताना ती माझ्या मागोमाग अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"ताई, याची आणखी एक प्रत मिळेल का? सहीशिक्क्याची."

"मिळेल. कशाला हवी?"

"ही इथे राहील. एक मला तिकडे न्यावी लागेल," ती म्हणाली. "तिथेही कळलंय."

मी दुसऱ्याच दिवशी प्रत पाठवली. ती कॉलेजात परत आली नाही. लग्नानंतर तिचं काय झालं, हे मी कधी शोधलं नाही.

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. चारही कॉलेजांचे पहिल्या वर्षाचे निकाल आणि विद्यापीठाकडून येणारे पुढच्या दोन वर्षांचे गुण कॉम्प्युटरवर आले, हाताने रजिस्टर लिहिणं बंद झालं, आणि जागा अडते म्हणून उत्तरपत्रिका सहा महिन्यांनी रद्दीत द्यायचं ठरलं. मला कायम केलं गेलं. माझ्या हाताखाली दोन मुली आल्या. मी त्यांना सांगितलं की एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने भरायचं. महिनाभर त्यांनी ते केलं. मग अधीक्षकांनी विचारलं, एका कामाला दोन माणसं कशाला?

ते सव्वीस जण आणि पेपरला न आलेला तो एक, त्यांतले बरेचसे तिसऱ्या वर्षापर्यंत पोचले. शेवटी कॉलेज तिन्ही वर्षांचं एकत्र गुणपत्रक देई आणि त्यात पहिल्या वर्षाचे गुण मशीन आपोआप जोडत असे. मी छपाईची आज्ञा दिली. प्रिंटरचं डोकं डावीकडून उजवीकडे धावत राहिलं, कागद पुढे सरकत राहिला, आणि मी एकेक गुणपत्रक भोकांच्या रेषेवर फाडून सहीसाठी गठ्ठ्यात ठेवत गेले.