आठपट मोठी श्रद्धांजली

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागे हाच किस्सा सांगताना माझ्या मेव्हण्याला ठसका लागला होता आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

तर मी समीर. राहायला बदलापूरच्या खरवईला, नोकरी उल्हासनगरला. एका सोफ्याच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. तिथे बसून गेली सोळा वर्षं मी एकच काम करतोय, अक्षरं मोठी करण्याचं. ज्यांना दिसतं पण कमी दिसतं, अशा लोकांसाठी कॉम्प्युटरचा आणि मोबाइलचा पडदा मोठा करून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. नाव ‘भिंग’. चारपट, आठपट, सोळापट, तुम्ही म्हणाल तेवढं.

बढाई मारतोय असं वाटलं? मारतोयच. पूर्वी अक्षर मोठं केलं की त्याच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या. ते दाते मी घालवले. पडद्यावरचा बाण जिकडे जाईल तिकडे भिंगानं मागोमाग जायचं आणि तरी बघणाऱ्याला गरगरायला नको, हा शोधही माझाच. पहिल्या आवृत्तीत तो बाणच इतका मोठा व्हायचा की त्याच्याखाली अख्खं पत्र झाकलं जायचं, पण ते सोडा. मोठ्या माणसांची सुरुवात अशीच असते.

आता नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी आम्ही ती खऱ्या वापरणाऱ्यांकडून तपासून घेतो. त्यांना एक फॉर्म देतो. आढळलेला दोष, तीव्रता, सद्यस्थिती, आणि खाली सही. या तपासणाऱ्यांत सगळ्यात कडक म्हणजे सुगंधा भोईर मॅडम. जांभूळ गावच्या. अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत आणि दिवसभर आमच्या भिंगावरच काम करतात. त्यांची सही झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर जायची नाही, असा नियम मीच केला होता. म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मी स्वतःच मारून घेतली होती.

यंदा मॅडम सहीलाच तयार होईनात.

“सर, भिंग झकास हाय,” त्या म्हणाल्या. “पन एक बटन द्या. दाबलं की अख्खं पान एकदा समोर आलं पायजे. वाचता नाय आलं तरी चालेल. कुठं फोटो, कुठं अक्षरं, ते तरी कळेल.”

“मॅडम, भिंग फिरवलं की सगळं पान दिसतंच की.”

“तुकडे दिसतात. ते मना जोडत बसावं लागतं. आनि एखादा तुकडा राहिला, तर राहिला हे पन कळत नाय.” मग म्हणाल्या, “गेल्या साली प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. तारीख बदलली म्हणून मेल आला. नवीन तारीख उजवीकडं एका चौकटीत लिहिली होती, मी डावीकडनं खाली वाचत गेले. गुरुवारी नवीन साडी नेसून गेले सर. इंटरव्ह्यू मंगळवारीच झालेला.”

कुठल्याही शहाण्या माणसानं इथे गप्प बसायला हवं होतं. मी काय म्हणालो असेन?

“यात मेल लिहिणाऱ्याची चूक आहे, भिंगाची नाही.”

मॅडमनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे बघितलं. “असं? मंग तुम्हीच वापरा आठ दिवस. आठपट. फोन, कॉम्प्युटर, समदं. कुठं चुकला नाय, तर मी गुपचूप सही करते. चुकला, तर बटन द्यायचं.”

“अहो मॅडम, हे भिंग मी बनवलंय.”

“म्हनून तर,” त्या म्हणाल्या.

रविवारी पैज सुरू झाली. पहिले सहा दिवस मी राजासारखे काढले. ‘येताना कोथिंबीर आण’ हा निरोप बायकोऐवजी सासूबाईंना गेला, पण त्या डोंबिवलीहून कोथिंबीर घेऊन आल्या, त्यामुळे ती चूक मी धरली नाही.

सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी, मी घरी पाय पसरून बसलो होतो. आता एकच दिवस उरला होता. तेवढ्यात आमच्या ‘भिंग परिवार’ ग्रुपवर भोईर मॅडमचा एक फोटो आला. या ग्रुपवर ऑफिसची आम्ही सहा माणसं आणि तीसेक तपासणारे. लगेच वांगणीच्या पाटील सरांनी आवाजी निरोप पाठवून विचारलं, “मंडळी, हे काय आहे? कुणी वाचून सांगेल का?”

पाटील सर शाळेतून निवृत्त झालेत. त्यांना अगदीच कमी दिसतं आणि त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवतो. पण फोटोतली अक्षरं काही त्याला वाचता आली नाहीत. आता अशा वेळी पुढे कुणी व्हायचं? ज्यानं भिंग बनवलं त्यानं.

मी फोटो उघडला. आठपट. आधी दिसली झेंडूची फुलं. फुलांच्या मागे मागे गेलो, तर तो हार निघाला. हाराच्या आत एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, गंभीर. खाली सरकलो. ‘बाळाराम भोईर’. भोईर मॅडमचे वडील. आणखी खाली, ‘ऐंशी वर्षांचे कष्टाचे आयुष्य’. त्याच्या खाली एक समई, पेटलेली. आणि शेवटच्या ओळीत ‘रविवारी सकाळी दहा वाजता, राहत्या घरी, जांभूळ’.

आता तुम्हीच सांगा. हार, समई, म्हातारा माणूस आणि राहत्या घरी. आणखी काय पुरावा पाहिजे?

“काय झालं रे?” मधुरानं विचारलं. मधुरा म्हणजे माझी बायको.

“भोईर मॅडमचे वडील गेले.”

“अरे देवा. बघू. दे इकडे, मी नीट वाचते.”

“नाही,” मी फोन छातीशी धरला. “भोईर मॅडमना ऑफिसात कोण वाचून देतं? नियम म्हणजे नियम.”

एवढं तत्त्वनिष्ठ मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत वागलेलो नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘भोईर मॅडमचे वडील बाळाराम भोईर यांचे राहत्या घरी निधन. उद्या सकाळी दहा वाजता जांभूळ येथे जमावे. भावपूर्ण श्रद्धांजली.’ निधन हा शब्द मला फोटोत सापडला नव्हता, हे खरं. पण असणारच कुठेतरी, असं धरून चाललो.

मग काय, धो धो श्रद्धांजल्या. आमचा तलरेजा, माझ्याच शेजारच्या टेबलावर बसतो. त्याचे दोन्ही डोळे ठणठणीत, चष्मासुद्धा नाही. त्यानं फोटो उघडला का? छे. हात जोडलेली आठ चित्रं टाकली आणि मला फोन केला.

“भाई, बहुत बुरा हुआ. मी फुलांचं चक्र आणतो. एकदम मोठावाला. मार्केटमध्ये आपली ओळख आहे.”

मॅडमना मी तीनदा फोन लावला. उचलला नाही. अशा वेळी कोण उचलणार?

रविवारी सकाळी पांढरा कुरता घालून नऊलाच जांभूळला पोचलो. म्हटलं, चार कामं असतील तर हात लावू. घरासमोर बांबू पडलेले. दोन माणसं दोरी कापत होती. माझे डोळे भरून आले. बांबू जरा जास्त होते, पंधरा-वीस असतील, आणि बाजूला गुलाबी-पिवळ्या कापडाचे तागे होते. पण म्हटलं, गावची पद्धत असेल. आतून वडे तळल्याचा वास येत होता. म्हटलं, लांबून आलेल्या पाहुण्यांची सोय असेल. माणूस एकदा ठरवून बसला की त्याला वड्याचा वाससुद्धा दुःखाचा येतो.

अंगणात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ दाढी करून घेत होते. अर्ध्या तोंडाला फेस. घरातलं कुणीतरी जवळचं असणार, म्हणून मी त्यांच्यापाशी गेलो आणि हात जोडले.

“काका, फार वाईट वाटलं.”

“कशाचं?” ते म्हणाले.

“बाळाराम बाबांचं.”

न्हाव्यानं वस्तरा थांबवला. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काय केलं त्यानी?”

“असं नका बोलू काका. आता त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायचं. असा माणूस पुन्हा होणे नाही.”

“हे मातर खरं हाय,” म्हातारा खूश झाला. “तू वलखत होतास त्याला?”

“भेटण्याचं भाग्य नव्हतं. पण मॅडम नेहमी सांगायच्या. तुम्ही त्यांचे कोण?”

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. “लय जवळचा.”

“शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?”

“अजून तरी नाय,” म्हातारा म्हणाला.

न्हावी खाली बसला. पोट धरून बसला. आणि माझ्या मेंदूत ते सोळा वर्षांचं भिंग हळूहळू मागे सरकलं. चेहऱ्यावरचा फेस, फेसामागचा चेहरा, तोच चेहरा, झेंडूच्या हारातला.

पळून जावं म्हणून वळलो, तर दारात रिक्षा. तिच्या मागे तलरेजाची गाडी, तिच्या मागे आणखी सात-आठ रिक्षा. एकेक करून आमचा परिवार उतरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, माना खाली. शेवटी तलरेजा फुलांचं चक्र डोक्यावर धरून उतरला. चक्र इतकं मोठं की त्याच्या आत तलरेजाच बसला असता.

पाटील सरांनी विचारलं, “बाबांना कुठे ठेवलंय?”

“हितं खुर्चीवर बसलंय,” म्हातारा म्हणाला.

कोण बोललं हे पाटील सरांना कळलं नाही. ते अंदाजानं पुढे आले, वाकले, दोन्ही हातांनी पाय धरले आणि तसेच वाकून राहिले. मग हळूच माझ्या दिशेनं म्हणाले, “समीर सर, पाय गरम आहेत.”

हा सगळा गोंधळ ऐकून मॅडम बाहेर आल्या. हिरवी साडी, केसांत गजरा. माणूस ओळखायला त्यांना अगदी जवळ यावं लागतं. त्या एकेकाजवळ जाऊन कपडे बघत माझ्यापर्यंत आल्या.

“सर, पांढरा कुरता?”

मी सगळं सांगितलं. लपवणार तरी काय? त्यांचा फोन काल संध्याकाळपासून कपाटात होता, श्रद्धांजल्यांनी भरून. मला वाटलं, आता चप्पल काढतील. नसती काढली तर मीच काढून दिली असती.

“कार्डाची कोनती बाजू बघितली?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“डावी.”

“आनि उजवीकडं काय होतं?”

मी खिशातून फोन काढला. भिंग बंद केलं आणि आठवड्यात पहिल्यांदा अख्खं पान बघितलं. उजवीकडे सोनेरी अक्षरांत, वरपासून खालपर्यंत, लिहिलं होतं ‘वाढदिवस सोहळा’. शेजारी केकचं चित्रही होतं.

“माझी तारीख पन उजवीकडंच होती सर,” मॅडम म्हणाल्या.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला खरंच लाज वाटली. म्हाताऱ्याला जिवंतपणी मारल्याची वाटलीच, पण त्याहून जास्त त्या गुरुवारची वाटली. ही बाई नवी साडी नेसून रिकाम्या केबिनसमोर उभी राहिली होती आणि मी तिला मेल लिहिणाऱ्याची चूक सांगत बसलो होतो. मी हात जोडून माफी मागितली. या वेळी योग्य माणसाची.

“जाऊ दे गं, पोराला नको बोलू,” बाळाराम बाबा तोंड पुसत म्हणाले. “मेल्याची बातमी उठली की मानसाचं आयुष्य वाढतं. आनि एवढी तीस-चाळीस मानसं माझ्यासाठी येतात, हे मना मेल्यावर कुठं दिसनार होतं?” मग त्यांची नजर तलरेजावर गेली. “फुलं चांगली हायत. टाकू नका, स्टेजला लावा.”

लावली. वाढदिवसाच्या प्रत्येक फोटोत बाळाराम बाबा केक कापतायत आणि पाठीमागे ते चक्र आहे. पुढच्या तीन रांगांत आम्ही पांढऱ्या कपड्यांत वडे खातोय. गावाला वाटलं, कुठल्यातरी पंथाची माणसं आली आहेत. एका आजींनी तर माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला.

तीन आठवड्यांत मी बटन बनवलं. दाबलं की अख्खं पान एकदम समोर येतं, आणि पुन्हा दाबलं की तुम्ही होता तिथेच परत. सोळा वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि कल्पना माझी नाही. मॅडमनी चार दिवस ते वापरून बघितलं आणि भरलेला फॉर्म पाठवला. मी घाईघाईनं आधी खाली सही शोधली. होती. मग शहाण्यासारखं बटन दाबून अख्खं पान बघितलं.

आढळलेला दोष या रकान्यात एकच शब्द होता, ‘इंजिनीअर’. तीव्रता, ‘गंभीर’. सद्यस्थिती, ‘सुधारतोय, पण लक्ष ठेवावे लागेल’.