माका पेवक येता

गाडीत बसताना आईने घराकडे पाहिलं नाही, विहिरीकडे पाहिलं. सामान डिकीत गेलं होतं, माझ्या नवऱ्याने, मंदारने, दोनदा हॉर्न वाजवला होता, शेजारची सुलूकाकी पदराने डोळे पुसत उभी होती, आणि ही बाई बागेतल्या विहिरीपाशी जाऊन दोर नीट गुंडाळून ठेवत होती. सुलूकाकीला म्हणाली, "बेगीन येतंय." मी गाडीचं दार उघडून धरलं. तिला लवकर परत पाठवायचा माझा अजिबात विचार नव्हता.

तुम्ही गावात राहिलेले फोनवर विचारता, आई रमली का गं? आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, ठाण्याला, पुण्याला, मस्कतला गेलेले, विचारता की कशी रमवलीस? दरवेळी नवीन उत्तर द्यायचा मला कंटाळा आलाय. एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

बाबा गेल्यावर आई दोन वर्षं एकटीच राहिली. रोज सकाळी जुनं लुगडं खोचून त्या विहिरीत उतरायची, चार हात मारायची आणि वर येऊन चहा ठेवायची. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा हा नेम. मग एकदा पायरीवरून घसरली. सुलूकाकी फुलं न्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहायचंही नाही. हाड मोडलं नव्हतं, पण माझी झोप उडाली. सुट्टी टाकून गेले आणि तिला उचलून परळला घेऊन आले. उचलून म्हणजे भांडून. त्या दिवशी आम्ही दोघींनी जी तोंडं सोडली ती साऱ्या वाडीने ऐकली असणार.

गंमत बघा, मी नोकरीसाठी निघाले तेव्हा हीच आई फाटकात उभी राहून म्हणाली होती, "थंयच्या समुद्रात पाय घालू नको गो बाय." बाकी काही नाही. नीट राहा नाही, पत्र टाक नाही. मला तिनेच त्या विहिरीत कमरेला सुकडी, म्हणजे सुके नारळ, बांधून पोहायला शिकवलेलं, तरी मुंबईच्या समुद्राची तिला धास्ती. मीही आज्ञाधारक मुलगी. वरळीला ऑफिस, खिडकीतून दिवसभर समुद्र दिसतो, आणि इतक्या वर्षांत माझा घोटाही भिजला नाही. पाठ मात्र खुर्चीत बसून बसून लाकूड झाली.

परळच्या फ्लॅटमध्ये आई शहाण्यासारखी वागायला लागली आणि तिथेच माझं धाबं दणाणलं. कशाला नावं ठेवेना. भाजीवाल्याशी हुज्जत नाही, मंदारच्या आमटीला तोंड वाकडं करणं नाही. पाहुण्यासारखी बसायची. सकाळी लवकर उठून बाथरूममध्ये बादली भरायची आणि नळाखाली हात धरून नुसती उभी राहायची. एकदा मी म्हटलं, आई, पाणी वाया चाललंय. तिने नळ बंद केला आणि ओला हात पदराला पुसला. माझीच मला लाज वाटली.

डॉक्टर मला केव्हाचे म्हणत होते, जिम लाव, पोह, काहीतरी कर. म्हटलं, चला, एका दगडात दोघींना मारू. क्लब शोधायचा, पण पोहायचा तलाव असलेलाच.

पहिला पाहिला तो आमच्याच बाजूच्या टॉवरमध्ये. काय तो थाट! टॅब घेतलेली मुलगी मला मॅम आणि आईला मॅमची मॉम म्हणत होती. मशीनवर मशीन, वाफेची खोली, फळांचा रस, आणि सगळ्यात वर गच्चीवर निळा पूल. पाणी कमरेएवढं. दोघंजण काठावर पाय सोडून स्वतःचे फोटो काढत होते, भिजलेलं कोणीच नव्हतं. आईने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्या टाकीतला पाणी खंय जाता?" ती मुलगी गोड हसली. मंदारला मात्र क्लब फार आवडला. त्याला पोहता येत नाही हे एक कारण असावं. लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस, पाण्याशी संबंध नळाला आलं की पिंप भरण्यापुरता.

दुसरा वरळीला, ऑफिसजवळ. पूल मोठा होता, खोल होता, पण बंदिस्त. आत एसी, वर पांढरं छत, आणि औषधाचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. आई दारातच थांबली. वर बघितलं आणि म्हणाली, "आभाळ खंय आसा?" तिथून आम्ही सरळ घरी.

तिसरा दादरचा. जुना क्लब, जिममधली सायकल कुरकुरणारी, कपडे बदलायच्या खोलीतल्या कड्या सैल. पण मागे उघडा तलाव, हिरवट निळा, कडेला एक बदामाचं झाड आणि पाण्यात पडलेली त्याची दोन पानं. आई काठावर उकिडवी बसली आणि तिने हात पाण्यात घातला. मला तेवढ्यावरून कळलं. तरी तोंडाने म्हणाली काय, तर "म्हयन्याचाच पास घे. फुडचा फुडे." म्हणजे बाईसाहेबांच्या मनात महिन्यानंतर गाव होतं.

दुपारच्या लेडीज बॅचला आम्ही गेलो. तिथे लुगडं चालत नाही, नायलॉनचाच पोशाख आणि डोक्याला टोपी. मी गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा शोधून आणला होता आणि भांडणाच्या तयारीनेच पिशवीतून काढला. आईने तो घातला, टोपी चढवली, आरशात पाहिलं आणि एकदम हसत सुटली. "तुझ्या बापाशीन बघल्यान असता तर घरात घेतल्यान नसता माका!" बाबा गेल्यावर त्यांचं नाव हसत घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कडी लावायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं.

मी बदलून बाहेर येईपर्यंत वेगळंच नाटक चालू होतं. आमचे सर, म्हणजे पोहायला शिकवणारे, साताऱ्याकडचे. खोल पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकीला विचारायची त्यांची पद्धत. त्यांनी आईला विचारलं, मावशी, येतं का? आईने ताठ मानेने सांगितलं, "माका पेवक येता." आता आपल्याकडे पेवणं म्हणजे पोहणं, हे साताऱ्याला काय माहीत! त्यांना वाटलं, मावशींना प्यायला हवंय. धावत जाऊन कूलरचं पाणी आणलं. आईला वाटलं, पाण्यात उतरण्याआधी पाणी प्यायचं, असा इथला नियम असेल. मोठ्या क्लबात काय काय असतं! गटागट प्यायली. सरांनी पुन्हा विचारलं, आता येतं का? आई पुन्हा म्हणाली, पेवक येता. दुसरा ग्लास. मी पोचले तेव्हा तिसरा भरून येत होता आणि आई मला हळूच म्हणाली, "बाय, आता अजून प्यायलंय तर बुडान."

मी हसून हसून काठावर बसले. सरांना उलगडून सांगितलं तर तेही हसायला लागले. तेवढ्यात आई उतरलीसुद्धा. पाणी उडलं नाही, आवाज नाही. पार पलीकडे जाऊन वळली आणि पाठीवर पडून राहिली, हात पसरून, तोंड आभाळाकडे करून. ती परत काठाला येईपर्यंत मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. तसंही तिथे ओली नसलेली मी एकटीच होते.

त्या बॅचला गिरगावच्या एक कुलकर्णीबाई यायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, टापटीप, आणि महिनोन्महिने काठाचा दांडा धरून उभ्या. आईने त्यांना हेरलं. मानेखाली हात धरून रोज सांगायची, "पाण्यार निजा बाई. पाणी सोडूचा नाय तुमका." बाई घाबरून तिचा पोशाख ओढायच्या, दोघी नाकातोंडात पाणी जाऊन खोकायच्या, मग झाडाखाली बसून डबा खायच्या. एकीची भाषा पुस्तकी, दुसरीची आपली, आणि गप्पा संपता संपत नसत. घरी आई आता मंदारच्या आमटीला सरळ नावं ठेवायला लागली होती. त्यालाही बरं वाटत असावं, कारण तो मुद्दाम पुन्हा करायचा.

महिना संपला आणि शिमगा आला. पालखी दारात येणार, घर बंद कसं ठेवायचं? मला नाही म्हणता येईना. आई म्हणाली, आता आंबे संपेपर्यंत थंयच. परतीचं तिकीट काढू दिलं नाही. मी तिला गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन मंदारला म्हटलं, गेली. आता ही काही येत नाही. सुलूकाकीला फोन करून पायऱ्यांपाशी लक्ष ठेव म्हणून सांगितलं. क्लबचे पुढचे पैसे भरलेच नाहीत. कुलकर्णीबाईंनी फोनवर विचारलं तर खोटं वाटणार नाही असं काहीतरी बोलले.

पालखी घरी येऊन गेली आणि त्याच आठवड्यात सकाळी दाराची बेल वाजली. आई. एका हातात कैऱ्यांची पिशवी, दुसऱ्यात कोकमाची बाटली, केस विस्कटलेले, एकटी बसने आलेली. मी काळजीने विचारलं, काय झालं, पडलीस का, कोणाशी भांडलीस का? आंबे तर अजून पिकायचे आहेत.

"काय जावक नाय," आई चप्पल काढत म्हणाली. "थंय रवान करू काय? हंय माझी बॅच चुकता. त्या कुलकर्णीबायेचो दांड्यावयलो हात आत्ता खंय सुटलोहा."

तिथे राहून करू काय म्हणे! आयुष्यभर जी विहीर सोडायला तयार नव्हती, ती बाई आंबे झाडावर सोडून आली होती, कारण दादरला दुपारी कोणीतरी तिची वाट बघत होतं. मला इतकी वर्षं वाटायचं की घर म्हणजे जिथून आपण निघालो ते. आता वाटतं, जिथे एक दिवस गेलो नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं, तेही घर. गावातल्यांनो, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, रमली. मी नाही रमवली, ती आपली आपण रमली.

त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. आई कैऱ्या तशाच ओट्यावर टाकून टोपी शोधत होती आणि मला ओरडत होती की चल लवकर, आज वर्षाचा घेऊन टाक.